हिराकशीचं बोट

५ एप्रिल २०२१, सोमवार. दिवेआगर

संध्याकाळी वेशीपलीकडच्या खाचरांत राब पेटले. वारा फिरला आणि धूर थेट वाडीत शिरला. आत्याला ठसका लागला. "जाळा मेल्यांनो, सगळं जाळा," म्हणाली, आणि पाणी पिऊन झाल्यावर लगेच, "उद्या घमेलंभर राख मागून आण हो, अळवाला घालू."

राब भाजताना लहानपणापासून बघितलेत, पण निरखून कधी बघितलं नव्हतं. एसटीत एकतीस वर्षं गाड्यांची वेळापत्रकं केली. शेती म्हणजे सुट्टीला आल्यावर मागच्या दारी दिसणारी गोष्ट. आज मुद्दाम बांधावर जाऊन उभा राहिलो. भाताची रोपं करायच्या तुकड्यावर आधी शेण, त्यावर झाडांचे टहाळ, मग गवत आणि पाचोळा, वरून मातीचा पातळ थर. वारा जिकडे जातो त्या टोकाला आग लावायची, म्हणजे ती वाऱ्याला तोंड देत सावकाश मागे सरकते. तणाचं बी भाजून मरतं. राख तिथेच राहते, आणि पावसाने धुऊन नेलेलं पालाश आणि चुना तिच्यातून मातीला परत मिळतो. नुसत्या धगीनेही मातीत अडकलेलं थोडं नत्र मोकळं होतं.

हे सगळं पुतणीच्या वह्यांतलं. ती दापोलीला कृषी विद्यापीठात शिकते. करोनामुळे कॉलेज बंद, म्हणून घरी. हॅरल्ड मॅन, जोशी आणि कानिटकर या तिघांनी १९१२ साली राबाच्या पद्धतीवर अभ्यास छापला होता, असंही तिनेच सांगितलं. त्याच्याही आधी, राबासाठी जंगलातला टहाळ तोडायला सरकार आडकाठी करतं म्हणून ठाणे-कुलाब्यात एवढी ओरड झाली की १८८५ मध्ये मुंबई सरकारला आयोग नेमावा लागला. कुलाबा म्हणजे आमचा आताचा रायगड. भाताच्या वीतभर रोपांपायी आयोग! आमच्या डेपोला नवी गाडी मागायला निदान एवढं तरी करायला हवं होतं.

माझी रोपं मात्र भाताची नाहीत, सुपारीची. गेल्या ३ जूनला निसर्ग वादळ इथेच जमिनीला लागलं. वाडीत एकशे चाळीस पोफळी होत्या. दुपारी तीनपर्यंत तेवीस उरल्या. बाकीच्या मुळासकट पडल्या नाहीत, कमरेत मोडल्या. त्या तेवीसांपैकी जुन्या, भरघोस धरणाऱ्या सहा झाडांच्या पक्व सुपाऱ्या जानेवारीत वाळूच्या वाफ्यात लावल्या, देठाकडची टोपी वर करून. चारशे सुपाऱ्या. आता बऱ्याच जणींना हिरवे सुळे आलेत.

१४ मे, अक्षय्य तृतीया

मुहूर्त चांगला म्हणून पिशव्या भरायला घेतल्या. खतांचं दुकान सकाळी सात ते अकरा. नदीची वाळू मिळत नाही, ट्रॅक्टरवाला येत नाही, शेणखत शेजारच्यांकडे होतं तेवढंच. पुतणीचं माप साधं: माती दोन वाटे, वाळू एक, शेणखत एक. कागदावर सगळं साधंच असतं.

झालं असं. वादळानंतर घराच्या डागडुजीला जांभ्याचे चिरे आणले, त्यांच्याबरोबर आलेली तांबडी माती मागच्या अंगणात पडून होती. ती साठ पिशव्यांत संपली, आणि तिच्या वाट्याला शेणखत जेमतेम मूठमूठ आलं. मग वाडीच्या समुद्राकडच्या कडेची रेताड माती घेतली, पुळणीवरची दोन घमेली वाळू त्यात ओतली, शेणखत घातलं. अशा दोनशे दहा. शेवटच्या चाळीस पिशव्यांना फणसाखालच्या कोपऱ्यातली काळसर, पाचोळा कुजलेली माती, कारण तोवर दमलो होतो आणि तो कोपरा जवळ होता.

एकूण तीनशे दहा रोपं. वाफ्यातली बाकीची रुजलीच नाहीत किंवा उंदरांनी नेली.

आत्या ओटीवरून बघत होती. "पुळणीची वाळू कशाला घेतलीस?" मी म्हटलं, निचऱ्याला. "तुझ्या आज्याने कधी नाही घेतली." का नाही घेतली, ते तिला सांगता येईना. अशा बाईशी वाद घालता येत नाही.

१७ मे

तौक्ते वादळ बाहेरून गेलं. किनाऱ्याला इथे लागलं नाही, तरी दिवसभर माडांच्या झावळ्या एका अंगाला. रात्रभर घरात कोणी झोपलं नाही. पिशव्या भिंतीच्या आडोशाला ओढून घेतल्या होत्या. वीज नाही.

२६ मे

वीज काल आली. पुतणीचा तास विहिरीच्या काठावर चालतो, तिथेच रेंज असते. आज तिच्या तासाचा विषय मातीचा सामू, आणि मी रहाटाला टेकून फुकटचा विद्यार्थी.

सामू म्हणजे आंबटपणाचं माप. सात म्हणजे मधोमध. खाली आंबट, वर चुनखडी. डेन्मार्कमध्ये कोपनहेगनला, कार्ल्सबर्ग या बिअरवाल्यांच्या प्रयोगशाळेत सोरेन्सन नावाच्या रसायनशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये ही मोजपट्टी काढली. यात गोम अशी की एक अंक खाली म्हणजे दहापट आंबट. सहाहून पाच दहापट, सातहून पाच शंभरपट. मला हे पचायला वेळ लागला. आमच्या एसटीत एक टप्पा म्हणजे एकच टप्पा.

मोजायचं कशाने? तिने आधी गोकर्णाची फुलं आणली, गरम पाण्यात चुरगळली. निळंशार पाणी. लिंबू पिळलं, जांभळं होत होत गुलाबी झालं. राखेचं पाणी घातलं, हिरवं. मुलांना दाखवायला झकास. पण तांबड्या मातीचं पाणी घातलं, निळं. फणसाखालच्या मातीचं घातलं, तेही निळं. रोपाला ज्या फरकाने फरक पडतो तेवढा बारीक फरक गोकर्णाला कळतच नाही. कोकमाचंही तसंच. कोकमाचा डाग साबणाने धुताना निळसर होतो हे आमच्या घरच्या सगळ्या बायकांना माहीत आहे, पण साबण आणि कोकम यांच्यामध्ये बरीच गावं लागतात.

शेवटी तिच्या पेटीतले रंगपट्टीचे कागद काढले, अर्ध्या अंकापर्यंत दाखवणारे. दहा ग्रॅम मातीला पंचवीस मिलिलिटर पाणी, ढवळायचं, अर्धा तास ठेवायचं. पाणी शुद्ध हवं. ती म्हणाली, काका, डिस्टिल्ड वॉटर इथे कुठून आणणार? इथे मी कामाला आलो. गॅरेजमध्ये बॅटरीत घालायचं पाणी तेच असतं.

तांबडी माती: ५. फणसाखालची: ६.५. पुळणवट मिश्रण: ८. विहिरीचं पाणी साडेसात, आणि चवीला मचूळ, पण मे महिन्यात ते नेहमीचंच.

आकडे लिहून ठेवले. त्यांचं काय करायचं ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. रोपं तर तिन्हीकडे सारखीच हिरवी.

९ जून

पाऊस आला. दुपारी दोनपासून धो धो. पहिल्या पाण्याचा सामू कागदावर साडेपाच-सहाच्या मध्ये. पुतणी म्हणते त्यात नवल नाही; हवेतला कर्बवायू विरघळला की स्वच्छ पाऊसही ५.६ च्या आसपासच असतो. असं किंचित आंबट पाणी आमच्या डोंगरांवर वर्षाला अडीच-तीन हजार मिलिमीटर पडतं, आणि हे हजारो वर्षं. चुना, मॅग्नेशियम, पालाश विरघळून समुद्रात जातात. मागे न विरघळणारं राहतं, लोह आणि ॲल्युमिनियम. त्यातून जांभा होतो. खणून काढताना सुरीने कापता येतो, हवा लागली की चिऱ्यासारखा कडक. फ्रान्सिस बुकाननने केरळात अंगाडीपुरमला लोक त्याच्या विटा कापताना पाहिले आणि १८०७ मध्ये विटेच्या लॅटिन शब्दावरून त्याला इंग्रजी नाव दिलं. आमचा जांभा त्याच्या आधीही जांभाच होता.

२४ जून, वटपौर्णिमा

रोपं मोजली. ३०४. सहा मर लागून गेली. बाकी सगळी एकसारखी, शाळेच्या रांगेत उभी असल्यासारखी. पुतणीला म्हटलं, तुझ्या सामूचं काही खरं नाही बघ.

तिने एक उपटून दाखवलं. खाली सुपारी तशीच चिकटलेली. आत पांढरा, स्पंजासारखा कोंब सुपारीचा गर खात बसलेला. "अजून शिदोरीवर चाललंय काका. माती चाखलीच नाहीये त्याने." नारळाचं असंच, आंब्याच्या कोयीचंही असंच. मोठ्या बियांची रोपं महिनोन्महिने घरचं खातात. नाचणीएवढ्या बियाला ती चैन नसते, त्याचं मातीशी भांडण तिसऱ्या दिवशीच सुरू होतं.

२५ जुलै, रविवार

तीन दिवस काही सुचलं नाही. २२ तारखेला पाऊस असा की विहीर काठाला आली. फोन बंद. महाडात पाणी शिरलं आणि तळियेवर दरड आली हे दुसऱ्या दिवशी समजलं. ऐंशीच्या वर माणसं. त्या भागातला एक चालक माझ्या हाताखाली होता. फोन लागत नाही.

अंगणात तांबडं पाणी वाहतंय. पिशव्या बघितल्या नाहीत.

२७ जुलै

फोन लागला. तो ठीक आहे. घर वरच्या अंगाला होतं.

११ ऑगस्ट

पिवळी पडली. पुळणवट मातीतली. सगळी नाहीत, पण निम्म्याच्या वर. फणसाखालच्या चाळीस पिशव्या मात्र काळ्याभोर हिरव्या, जणू त्यांचं आणि यांचं काही नातंच नाही.

शेजारचे दादा आले. "नत्र कमी पडलं. युरिया टाका चिमूट चिमूट." आठ दिवसांपूर्वीच टाकलं होतं. डीएपीही टाकलं. काही फरक नाही. दहाबारा रोपांची टोकं जळली ती जादा. दादा म्हणाले, मग अजून टाका. दादांचं म्हणणं पुष्कळांचं असतं: भूक लागलीय ना, मग वाढा.

मृदा आरोग्य पत्रिका काढून बघितली. आमच्या सर्व्हे नंबरची आहे, सामू ६.४, सगळं मध्यम ते भरपूर. पत्रिका उत्तम जुळतेय, पण मांडवात उभा नवरा भलताच, कारण पिशवीतली माती त्या नमुन्याची नाहीच; ती पुळणीकडची आहे.

पुतणी संध्याकाळी एकेक पान हातात घेऊन बघत बसली. मग मला बोलावलं. "काका, कुठलं पान पिवळं आहे ते बघा." नवं. सगळ्यात वरचं, नुकतं उलगडलेलं. आणि शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा, अगदी रेघा मारल्यासारखा. जुनी पानं ठीक होती.

नत्र कमी पडलं तर झाड जुन्या पानातलं नत्र उपसून नव्याला देतं, म्हणून आधी खालचं पान पिवळं होतं. पालाशाचंही तसंच, जुन्या पानाच्या कडा करपतात. लोह मात्र एकदा पानात बसलं की हलत नाही. ते कमी पडलं की जुनी पानं हिरवी राहतात आणि नव्याच्या तोंडाला पाने पुसली जातात. म्हणजे आमच्या रोपांना नत्राची नव्हे, लोहाची ददात होती.

लोह! जिथे घराच्या भिंती लोहाच्या, अंगण लोहाचं, पायाचे तळवे पावसाळाभर लोहाने तांबडे, तिथे.

१२ ऑगस्ट

सकाळी उठून पुळणीची मूठभर वाळू बशीत घेतली आणि लिंबू पिळलं. कान जवळ नेला. बारीक फसफस. मग न्हाणीघर घासायच्या ॲसिडचे चार थेंब टाकले, तर सोड्याच्या बाटलीसारखी उतू गेली. भिंगाखाली बघितलं, निम्मी वाळू वाळूच नव्हे, शिंपल्यांचा चुरा. आमच्या बापजाद्यांनी हेच शिंपले भाजून चुना केला, भिंती बांधल्या, पानाला लावला. आणि मी तो रोपांच्या पिशवीत भरला, निचऱ्याला.

चुनखडी मातीत लोह नसतं असं नाही. पुळणीतही काळे कण आहेत, शेणखतातही आहे. पण सामू एक पायरी चढला की पाण्यात विरघळलेलं लोह हजारपटीने घटतं. गंजून बसतं. मुळाला खडा चावता येत नाही, त्याला पाण्यात उतरलेलंच पिता येतं. जस्ताचं, मंगलाचं थोड्याफार फरकाने तेच. गाडी फलाटावर उभी आहे, बोर्ड लावलेला आहे, पण चालक नाही. असे प्रवासी मी आयुष्यभर बघितलेत. त्यांना आणखी एक रिकामी गाडी आणून दाखवली तर काय होतं तेही बघितलंय. माझा युरिया तशातलाच.

डीएपीतलं स्फुरद तर चुन्याने लगेच धरून ठेवलं असणार.

१९ ऑगस्ट

हिराकस मिळाली. दुकानदाराने आधी विचारलं, कशाला, शाई करायला? पूर्वी करायचे म्हणे. पिवळसर हिरवे खडे, लोहाचं सल्फेट. अर्धा लिटर पाण्यात अडीच ग्रॅम, चार थेंब लिंबू, म्हणजे ते पाण्यातच गंजणार नाही.

मातीत घालायचं नाही, असं पुतणीने बजावलं. पुळणीच्या मातीत हिराकस घालणं म्हणजे पैसे देऊन गंज विकत घेणं. पानावर लावायचं. फ्रान्समध्ये १८४० च्या दशकात युझेब ग्री या माणसाने पिवळ्या पानांवर असंच लोहाचं पाणी लावून बघितलं होतं. लावलं तिथे हिरवं झालं आणि झाडाला लोह लागतं हे त्यातून समजलं. मलाही दुसऱ्याच्या सांगण्यावर विश्वास ठेवायचा नव्हता. एक रोप निवडलं, वरच्या पिवळ्या पानाच्या एकाच बाजूला बोटाने पाणी फासलं. दुसऱ्या पानावर लहर आली म्हणून बोटाने आत्याच्या नावाचं पहिलं अक्षर काढलं.

आत्याला सांगितलं नाही.

२२ ऑगस्ट, नारळी पौर्णिमा

जवळच्या भरडखोलचे लोक वाजत-गाजत समुद्रावर नारळ घेऊन गेले असतील. यंदा गर्दीला बंदी, तरी जातातच. मी पिशव्यांत.

तांबड्या मातीच्या साठ पिशव्यांकडे मी इतके दिवस लक्षच दिलं नव्हतं, कारण त्या पिवळ्या पडल्या नाहीत. आज मोजपट्टी लावली. फणसाखालची रोपं सरासरी एक हात, तांबडीतली जेमतेम वीत. पानं हिरवी, उलट जास्तच गडद, मरगळलेली, लहान. त्यांचा गवगवा होत नाही एवढंच. न रडणाऱ्या पोराला कोणी जवळ घेत नाही.

दोन रोपं बादलीत धुतली. फणसाखालचं मूळ पांढरं, दाढीसारखं, बारीक तंतूंनी भरलेलं. तांबड्यातलं मूळ आखूड, टोकाला जाड आणि तपकिरी, बोटं छाटल्यासारखं. सामू पाचाच्या आसपास उतरला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळायला लागतं, आणि ते आधी मुळाचं टोक धरतं. मूळ लांबत नाही, म्हणून पाणी आणि अन्न दोन्हीला हात पोचत नाही. वर पुन्हा तीच लोह-ॲल्युमिनियमची जोडी स्फुरद घट्ट पकडून ठेवते. म्हणजे पुळणीत स्फुरद चुन्याने अडवलं, इथे गंजाने. सहा ते सात या अरुंद पट्ट्यात ते त्यातल्या त्यात मोकळं असतं.

काजू, कोकम, जांभूळ याच तांबड्या मातीत वरच्या डोंगरावर मजेत वाढतात. पुळणीवर सुरू आणि उंडी वाढते. सुरूच्या मुळांवर गाठी असतात, त्यांतले जीव त्याला हवेतलं नत्र काढून देतात. उंडी तर पोवळ्यांच्या बेटांवर, नुसत्या चुन्यातही उभी राहते. माती वाईट नाही, दोन्ही नाहीत. मी पोफळीला उंडीच्या घरी नेऊन ठेवलं.

शेणखत तांबडीत भरपूर असतं तर त्यातल्या आम्लांनी ॲल्युमिनियमला बांधून ठेवलं असतं. पण तिला तर मूठच दिली होती.

३० ऑगस्ट

उमटलं! पानाची अर्धी बाजू हिरवी, अर्धी पिवळी, मधली शीर सीमेसारखी. आणि दुसऱ्या पानावर अक्षर. थोडं पसरलंय, पण वाचता येतं.

आत्याला हाताला धरून नेलं. चष्मा चढवून बघितलं. "हे काय केलंस रे?" मग बराच वेळ पान सोडलं नाही. आणि तेव्हा आठवलं तिला: "तुझा आजा दर दोन वर्षांनी बैलगाडीने डोंगराची तांबडी माती आणायचा. वाडीत पसरायचा. भरडखोलहून खराब मासळी आणायचा, आळ्यात पुरायचा. वास कसला तो! मी नाक धरून पडवीत बसायची."

पुतणी उडालीच. तांबड्या मातीचा आंबटपणा पुळणीच्या चुन्यावर, पुळणीचा चुना तांबडीच्या आंबटपणावर. आणि माशाच्या काट्यांतलं स्फुरद. पण ते एकदम जादूसारखं घडत नाही, तिने लगेच सावध केलं. शिंपल्यांचा साठा मोठा असतो, दोन घमेली तांबडीने तो संपत नाही. आजोबा पाचपन्नास गाड्या घालत असतील, आणि वर्षानुवर्षं. शिवाय कुजलेला पाला. आजोबांना सामू माहीत नव्हता, पण पोफळ माहीत होती. (आता याचं कौतुक करावं की नाही? आजोबांनी पाच पोरींना शाळेत घातलं नाही, हेही आत्याच सांगते.)

१२ सप्टेंबर

गणपती. घरात चौदा माणसं. सोलकढीत कोकम जास्त झालं. बाकी काही नाही.

२० सप्टेंबर

विसर्जन झालं, हात मोकळे. पुळणीच्या पिशव्यांतली ऐंशी रोपं माती झटकून नव्या पिशव्यांत हलवली: फणसाखालची माती दोन वाटे, तांबडी एक, शेणखत एक. कागद म्हणतो सहा. बाकीच्यांना फवारणीवर ठेवलंय, कारण एवढी माती आणायची कुठून.

तांबडीच्या साठपैकी वीस पिशव्यांत हाडांचा चुरा आणि शेणखत घातलं. हे पुतणीचं डोकं. हाडातलं किंवा खडकातलं स्फुरद चुनखडी मातीत घातलं तर दगडासारखं पडून राहतं. आंबट माती स्वतःच्याच आंबटपणाने ते हळूहळू विरघळवते. वीस पिशव्यांत चिमूटभर राख. वीस तशाच, बघायला. तशाच ठेवायच्या म्हटल्यावर माझा जीव वर-खाली. पुतणी म्हणाली, काका, तशा ठेवल्याशिवाय बाकीच्या कशाने सुधारल्या ते कळणार कसं?

राख चिमूटभरच का, तर तिचा सामू दहाच्या वर. मूठ घातली की पुन्हा पुळण.

१७ ऑक्टोबर

दसरा झाला, पाऊस गेला. मोजणी केली. जिवंत २८८.

हाडांच्या चुऱ्याच्या वीस पिशव्यांत नवं पान मोठं, रुंद. राखेच्या वीसांत थोडंसं. तशाच ठेवलेल्या वीस अजून वीतभरच. हलवलेल्या ऐंशींपैकी सत्तरांची नवी पानं हिरवी आली, एकदम, काही सांगायला नको अशी.

आणि अक्षराचं रोप. त्याला मी हलवलं नव्हतं, ते पुळणीतच ठेवलं. अक्षर असलेलं पान आता दुसरं झालंय, खाली गेलंय. अक्षर तसंच, हिरवं, टवटवीत. वरचं नवं पान मात्र पिवळंच आलं. लोह हलत नाही. ज्या पानाला दिलं त्याच पानाला मिळालं, पुढच्याला काही नाही. दर पानाला पुन्हा बोट बुडवावं लागणार.

पुतणी परवा दापोलीला जाते, कॉलेज सुरू होतंय. जाताना तीनशे ग्रॅम माती तिन्ही ढिगांची, वेगवेगळ्या पिशव्यांत, नावं घालून नेणार आहे. तिथे यंत्रावर नीट मोजता येईल. मला एक काम दिलं. पुढल्या पावसात लावायची रोपं निवडताना उंच बघून घ्यायचं नाही. पाचाच्या वर पानं, बुंधा जाड, उंची कमी, ते रोप चांगलं. उंच, किडकिडीत ते सावलीत उजेडाकडे पळालेलं असतं. मग नऊ फुटांवर नऊ फूट खड्डे. सुपारी धरायला पाच ते सात वर्षं.

आत्या मध्येच म्हणाली, "तेव्हा मी कुठे असेन?" उत्तर कोणीच दिलं नाही. थोड्या वेळाने तिनेच विचारलं, ते अक्षराचं रोप कुठल्या खड्ड्यात लावणार आहेस. म्हटलं, त्याला आधी पुळणीतून काढायचंय. "मग काढ की," म्हणाली, "आज काय करतोयस?"

चार वाजता पिशवी फाडली.